माथेरानचं पाचवं इंजिन

रत्नागिरी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि जपून ठेवलेल्या जुन्या इंजिनांच्या यादीची झेरॉक्स मिळाली. माथेरानची वाफेची इंजिनं चार, असं सगळे लिहितात. तुझ्या यादीत मात्र ती पाच ठिकाणी उभी आहेत. ‘काका, चाराची पाच कशी झाली? सगळेच थापा मारत असतील तर मी ही यादी करून उपयोग काय?’ असं तू विचारतेस. पहिल्या प्रश्नाला हसू आलं, दुसऱ्याला राग. शाबासकी वगैरे देत बसत नाही, ती तुला घरचे देतात.

आधी त्या पाचव्याचा निकाल लावू. माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर. दोन रुळांमधलं अंतर दोन फूट. तिच्यासाठी जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची चार इंजिनं आली, नंबर ७३८ ते ७४१. आराखड्यामागे डोकं एव्हरार्ड कॅलथ्रॉपचं, म्हणजे बार्शीची छोट्या रुळांची गाडी, बार्शी लाइट रेल्वे, काढणारा तोच. डिझेल आल्यावर ही चौघं रिकामी झाली. एक नेरळला, एक खुद्द माथेरानला, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि ७४० नंबरचं थेट इंग्लंडला. झाली चार. तुझ्या यादीतलं पाचवं, ७९४ नंबरचं, हे दार्जिलिंगचं इंजिन आहे. ‘बी’ वर्गातलं. माथेरानला पुन्हा धूर काढायची हौस आली तेव्हा ते तिकडून आणलं. ते नेरळला आलं म्हणून कुणीतरी त्याला माथेरानचं म्हटलं, दुसऱ्याने ते उतरवून घेतलं, तिसऱ्याने त्याला १९०७ साल चिकटवलं आणि तू चौथी.

यात थाप कुणीच मारली नाही. फक्त कुणी जाऊन चाकं मोजली नाहीत. कोपेलच्या इंजिनाला एका बाजूला तीन चाकं, दार्जिलिंगवाल्याला दोन. दार्जिलिंगवाल्याची पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसलेली, कोपेलच्या टाक्या दोन्ही कुशींना. शाळेतलं पोरही सांगेल. कोपेलच्या पुढच्या-मागच्या आसांची तर गंमतच आहे. आतला भरीव आस चौकटीत पक्का, त्याच्यावर पोकळ आस चढवलेला आणि चाकं त्या पोकळ आसावर. त्यामुळे घाटातल्या आवळ वळणावर पुढची-मागची चाकं स्वतःपुरती वळतात, मधली सरळ राहतात. १९०७ सालची ही अक्कल! पण तू हे वाचून होकार देऊ नकोस. जा आणि बघ.

तू ही यादी मोबाइलवर बसून केलीस, हे मला पहिल्या पानावरच कळलं. तुझ्याकडे नंबर आहे, वर्ग आहे, बांधणीचं साल आहे, ठिकाण आहे, रंगसुद्धा आहे. एकच रकाना नाही: कुणी पाहिलं, कधी पाहिलं. तो नसेल तर बाकीचे रकाने बंद कर.

‘नेरळ स्थानकाजवळ उभं आहे’ हे वाक्य आजचं नसतं, बाय. कुणीतरी कधीतरी ते तिथे पाहिलं, एवढाच त्याचा अर्थ. चौथऱ्यावरची इंजिनं स्थिर असतात असं तुला वाटतं ना? ‘फेअरी क्वीन’ घे. १८५५ साली लीड्सला बांधलेलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं २२ नंबरचं. १९०९ साली कामातून निघालं. मग हावड्याला चौथऱ्यावर, मग चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत, मग दिल्लीच्या संग्रहालयात. आणि १९९७ साली परत रुळांवर, प्रवासी घेऊन. आता या इंजिनाबद्दल कुणी नुसतं ‘हावड्याला आहे’ लिहून ठेवलं असेल तर ते खरं की खोटं? ज्या वर्षी पाहिलं त्या वर्षी खरं. वर्षच लिहिलं नसेल तर धड खरंही नाही आणि खोटंही नाही. नुसता कचरा.

आता नंबराचं. तू विचारतेस, एकाच इंजिनाला दोन नंबर कसे. रंगवलेल्या नंबरावर जाऊ नकोस. रंगारी कंत्राटदाराचा असतो, त्याला पितळी पट्टी पिवळी दिसली म्हणजे झालं. ६ चा ८ होतो, ३ चा ८ होतो, आणि पुढच्या रंगाऱ्याला तोच ८ पवित्र. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकांवर, चौकटीवर, हत्यारांच्या घावांनी ठोकलेले आकडे असतात. रंगाच्या थराखाली ते बुजलेले असतात. खरवडायचं नाही, हात लावायचा नाही. पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी नाण्यावर करतात तसं. अंक वर येतात.

आणि मग गंमत कळते, की डाव्या दांडीवर एक नंबर, उजव्या दांडीवर दुसरा. घाबरू नकोस. शेडमध्ये एक इंजिन कंडम झालं की त्याचे भाग दुसऱ्याला लागायचे. बॉयलरचं तर विचारूच नकोस. मोठ्या दुरुस्तीला इंजिन वर्कशॉपमध्ये गेलं की त्याचा बॉयलर उतरवायचे आणि दुसरा तयार असलेला चढवायचे, कारण बॉयलर दुरुस्त व्हायला वेळ लागतो आणि इंजिन तेवढं थांबवणं परवडत नाही. म्हणजे बॉयलरवरचा नंबर बॉयलरचा, इंजिनाचा नव्हे. इंजिन म्हणजे त्याची चौकट. हे मला कुणी रेल्वेवाल्याने शिकवलेलं नाही. मी आयुष्यभर आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. आमच्या बॉयलरला १९२३ च्या कायद्याखाली नोंदणीचा नंबर होता, पत्र्यावर ठोकलेला. इन्स्पेक्टर दरवर्षी यायचे, कागद बाजूला ठेवायचे आणि आधी तो ठोकलेला नंबर स्वतः वाचायचे. कागद माझ्या हातात, बॉयलर समोर, तरी वाचायचे. वाचला की खाली सही आणि तारीख. मला तेव्हा ते फार खडूस वाटायचे. आता वाटतं, तेवढा एकच माणूस माझ्या धंद्यात शहाणा होता.

दोन्ही दांड्यांचे नंबर लिही, चौकटीचा लिही, रंगवलेलाही लिही. कुठला खरा ते लगेच ठरवायची घाई नको. कुणी पाहिलं, कधी पाहिलं. खरा कुठला ते पुढचा ठरवील, तुझी नोंद नीट असेल तर.

एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. त्यांनी नोकरीतली प्रत्येक रजा इंजिनांमागे घालवली. घाटावरचे साखर कारखाने, उसाच्या छोट्या रुळांवरची इंजिनं, गोव्याकडचं मीटरगेज, सगळं पालथं घातलं. माझी त्यांची ओळख पुष्कळ वर्षांची, पण भेटलो की ते बोलायचे आणि मी ऐकायचो. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने फोटोंनी भरलेला पत्र्याचा डबा माझ्याकडे आणून दिला. एकाहून एक सुरेख फोटो. एकात छोटं इंजिन, मागे उसाच्या मोळ्या, धुराड्याला टेकून उभा एक पोरगा, हातात अर्धं खाल्लेलं कांडं. नंबराची पट्टी स्वच्छ वाचता येते. मागची बाजू कोरी. कुठला कारखाना? कुठलं साल? माणूस ज्ञानाचा डोंगर, आणि आज मला त्या फोटोचं काहीही करता येत नाही. पुढे घाटावरच्या एका कारखान्यात गेलो, तर तिथे नुसता चौथरा. वॉचमन म्हणाला, भंगारात गेलं. कँटीनवाला म्हणाला, कुणी परदेशी माणूस घेऊन गेला. ते इंजिन या फोटोतलंच का? रात्री झोप येत नाही तेव्हा अजून हाच फोटो डोळ्यांसमोर येतो. ते हयात असताना एक दुपार त्यांच्याबरोबर बसून फोटोंच्या मागे लिहायला मिळाली असती तर, असं वाटत राहतं.

तुझ्या पिढीला वाटतं, मोबाइलमध्ये तारीख आपोआप पडते. पडते ना, पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून चार जणांकडे फिरला की त्याच्या पोटातली तारीख गळून पडते आणि उरतं नुसतं ‘शेअर करा’. वहीत लिही. शाईने.

मी या बाबतीत हट्टी आहे, हे तुझ्या आईनेही तुला सांगितलं असेल. आमची ही म्हणायची, ‘जिवंत माणसांची विचारपूस नाही आणि मेलेल्या इंजिनांची हजेरी घेताय.’ एकदा एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला. संस्थेच्या ओळखीतल्या एका चौथऱ्यावर जुनं इंजिन होतं, आणि त्यांना हवं होतं की मी लिहावं, हेच ते बोरीबंदर-ठाणे पहिल्या गाडीचं. १६ एप्रिल १८५३ ची ती गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. व्हल्कन फाउंड्रीची इंजिनं. त्यांतलं एकही आज कुठे उभं नाही. मी म्हटलं, हे लिहिणार नाही. ‘अहो, लोकांना आनंद होईल, कोण तपासतंय?’ आग्रह करणारा माझा शाळेपासूनचा मित्र. लेख गळला, मैत्रीही पातळ झाली. आजही वाटतं, मी वाकलो नाही ते बरोबर केलं. तो आनंद कुणाला झाला असता? त्या चौथऱ्यावरचं इंजिन बिचारं स्वतःच्या नावाने उभं होतं, स्वतःच्या कामाचा इतिहास घेऊन. त्याला दुसऱ्याचं नाव दिलं की त्याचं खरं नाव कायमचं पुसलं जातं. लोक याला किरकोळ म्हणतात. मला ते किरकोळ वाटत नाही, आणि तुलाही वाटत नसावं, नाहीतर तू मला पत्र लिहिलं नसतंस.

आणि आपल्याकडे तर जास्तच जपायला हवं. गोव्यात मुरगावपासून घाटापर्यंत मीटरगेजवर वाफ होती, पार पोर्तुगीज काळापासून. पण चिपळूण-रत्नागिरीकडे गाडी आली तीच डिझेलवर. देशातल्या ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये थांबली, आणि कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. उद्या इकडे कुणी शोभेला इंजिन आणून उभं केलं आणि खाली ‘कोकणचं जुनं इंजिन’ अशी पाटी लावली, तर तुझ्याच नातवंडांना ते खरं वाटेल. तेव्हा तुझी वही असायला हवी.

अजून एक. इंजिन पाहशील तेव्हा तब्येतही लिही. नुसतं ‘चांगल्या स्थितीत’ नको, तो शब्द मला चालत नाही. धुराडं उघडं असतं तिथून पाऊस सरळ धुराच्या पेटीत जातो, म्हणून तिचा तळ आधी कुजतो. खाली राखेचं ताट असतं, त्यात पाणी साचतं. बॉयलरवरच्या पत्र्याच्या आत उष्णता धरणारा थर असतो, तो एकदा भिजला की महिनोन्महिने ओला राहतो आणि वरून चांदीचा रंग चकाकतो. आपल्या खाऱ्या वाऱ्यात तर विचारूच नकोस. आंब्याचा हंगाम संपला की आम्ही बॉयलर रिकामा करायचो, काजळी खरवडून काढायचो, कारण ओली काजळी लोखंड खाते. मग आत ताटात कळीचा चुना ठेवून झाकणं घट्ट आवळायचो. चुना दमट हवा ओढून घेतो. पुढच्या चैत्रात उघडलं की चुन्याची भुकटी झालेली आणि पत्रा कोरडा. एवढ्याशा खर्चाचं काम. चौथऱ्यावरच्या इंजिनाच्या धुराड्यावर साधं पत्र्याचं टोपण बसवायलाही कुणाला सुचत नाही, रंगाला मात्र दरवर्षी टेंडर. तर बघ: टोपण आहे का, धुराच्या पेटीच्या तळाला भोक आहे का, शिट्टी आणि बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचा जागेवर आहेत का. पितळ आधी चोरीला जातं. गेल्या खेपेला शिट्टी होती आणि या खेपेला नाही, हे कळायलाही तारीखच लागते. कुणी पाहिलं, कधी पाहिलं. कंटाळा आला असेल तर येऊ दे.

दसऱ्यानंतर जा. पावसात ते काम होत नाही, कागद भिजतो. नेरळ आणि माथेरान एकाच दिवसात उरकायला बघू नकोस. ७३८, ७३९, ७४१ यांतलं कुठलं कुठे आहे ते मी तुला सांगणार नाही, पेन्सिल घासून तूच मला कळव. दिल्ली जमेल तेव्हा जमेल. तोवर तिथल्या ओळीपुढे ‘ऐकीव’ लिही.

इंग्लंडच्या ७४० पुढेही ‘ऐकीव’च लिही. ‘कुणी पाहिलं’ या रकान्यात माझं नाव घालू नकोस, मी ते पाहिलेलं नाही.

तुझा,
काका