वाचकांचे प्रश्न : पाणबुडीतील बोली

प्रश्न : माझा धाकटा मुलगा नौदलाच्या पाणबुडी शाखेत आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास तो सुटीवर आला, तेव्हा त्याचे निम्मे बोलणे आम्हाला कळले नाही. एवढ्या मोठ्या पाणबुडीला तो ‘बोट’ म्हणतो, शौचालयाला ‘हेड्स’ म्हणतो आणि जहाजावर नोकरीला असलेल्या स्वतःच्या मित्राला हसून ‘स्किमर’ म्हणतो. ‘हॉट बंक’चा किस्सा ऐकून तर सासूबाईंनी डोक्याला हात लावला. “कितला दिन पानीमा ऱ्हाशी, भाऊ?” असे त्या रोज विचारत होत्या आणि तो रोज विषय बदलत होता. ही कसली भाषा, आणि साध्या प्रश्नाचे उत्तर तो का टाळतो?
— एक वाचक भगिनी, पारोळा

उत्तर : ताई, आपल्या मुलाची भाषा बिघडलेली नाही, तो ज्या जागेत राहतो त्या जागेची ती भाषा आहे. सुरुवातीच्या पाणबुड्या लहान होत्या, त्यांना कोणी जहाजाचा मान देत नसे, म्हणून ‘बोट’ हा शब्द पडला. पुढे पाणबुड्या वाढल्या, तरी त्यांच्यावरील मंडळींनी तो शब्द अभिमानाने जपला. ‘मोठी’ हे आपले विशेषण मात्र जरा तपासून पाहावे लागेल. २०१७ साली नौदलात दाखल झालेल्या कलवरी या पाणबुडीची लांबी ६७.५ मीटर आहे, म्हणजे भुसावळच्या फलाटावरील गाडीचे जेमतेम तीन डबे. आणि तेवढ्यात यंत्रे, बॅटऱ्या, पाणतीर व इंधन बसवून उरलेल्या जागेत चाळीसच्या आसपास माणसे राहतात.

‘हॉट बंक’ या शब्दाचा उगम याच टंचाईत आहे. बंक म्हणजे झोपण्याची फळी. माणसांपेक्षा फळ्या कमी असल्या, की एकजण पहाऱ्यावर जातो आणि पहारा संपवून आलेला दुसरा त्याच फळीवर, पहिल्याच्या अंगाची ऊब जाण्यापूर्वी, आडवा होतो. रेल्वेच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे चालकांच्या विश्रांतिगृहात, रात्री-बेरात्री उतरणाऱ्या इंजिनचालकांच्या घरी हे ऐकून कोणी डोक्याला हात लावणार नाही, हे सासूबाईंना अवश्य सांगावे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुर्सुरा’ ही १९६९ ते २००१ या काळात सेवेत असलेली पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. तिच्या गोल दारांतून अंग चोरून एकदा आरपार गेले, की पुढचे स्पष्टीकरण लागत नाही.

‘हेड्स’ हा शब्द शिडाच्या जहाजांच्या काळातला आहे, कारण तेव्हा शौचाची सोय जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे ‘डोक्याकडे’, असे. पाणबुडीत मात्र ही साधी सोय राहत नाही. बाहेर समुद्राच्या पाण्याचा प्रचंड दाब असतो, त्यामुळे अनेक पाणबुड्यांत तेथील झडपा ठरावीक क्रमानेच फिरवाव्या लागतात. क्रम चुकला, तर टाकीतले सारे उसळून चुकणाऱ्याच्याच अंगावर येते. ब्रिटिश नौसैनिकांनी त्याला ‘आपलेच आपल्याला परत मिळणे’ असे नाव ठेवले आहे. हे केवळ हसण्यावारी नेण्यासारखे नाही: एप्रिल १९४५ मध्ये यू-१२०६ ही जर्मन पाणबुडी शौचालयाची यंत्रणा चुकीची हाताळल्यामुळे आत पाणी शिरून स्कॉटलंडजवळ गमवावी लागली.

म्हणूनच नव्या माणसाला, तो स्वयंपाकी असो वा विद्युत विभागातला, पाणबुडीतील प्रत्येक नळी आणि झडप शोधून पाठ करावी लागते, आणि परीक्षा उतरल्यावरच छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. त्या दिवसापर्यंत तो पाहुणाच समजला जातो. ‘स्किमर’ म्हणजे पाण्याच्या वरवर फिरणारा, आणि त्याच्या जहाजाला पाणबुडीवाले ‘टार्गेट’ही म्हणतात. या थट्टेत थोडा उद्धटपणा आहे, हे मी नाकारत नाही. पण परतफेडीची टोपणनावे जहाजवाल्यांकडेही तयार असतात.

आता सासूबाईंचा प्रश्न. डिझेलवर चालणारी पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते आणि ती भरण्यासाठी तिला पृष्ठभागाजवळ येऊन एका उंच नळीतून हवा घ्यावी लागते. याला ‘स्नॉर्ट’ करणे म्हणतात. एखाद्या लाटेने नळीचे तोंड बंद झाले, तर इंजिन आतलीच हवा ओढू लागते आणि सगळ्यांच्या कानांना दडे बसतात. नेमक्या याच वेळी ती शत्रूला सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. एरवी तिचे संरक्षण एवढेच, की ती कोठे आहे हे कोणालाही ठाऊक नसते. साध्या रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात शिरत नाहीत. अतिशय कमी वारंवारितेच्या लहरी काही मीटर खोल पोहोचतात, आणि त्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे नौदलाचे प्रक्षेपण केंद्र आहे. पाणबुडी या मार्गाने ऐकते. उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, तर तिचा ठावठिकाणा उघड होतो. निघण्याची आणि परतण्याची तारीख सांगण्याची आपल्या मुलाला मुभा नाही, आणि आजीशी खोटे बोलण्यापेक्षा त्याने विषय बदलणे पसंत केले. मला तरी त्यात गैर दिसत नाही.

प्रश्न : माझा भाचा पाणबुडीवर आहे. त्याच्यासोबत बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ पाठवावे काय?
— एक वाचक, यावल

उत्तर : पीठ नको. बिबड्याही नकोत, कारण त्या तळाव्या किंवा भाजाव्या लागतात आणि बंद पाणबुडीत तळणाचा धूर जायला जागा नसते. ताजी भाजी आणि पाव सुरुवातीचे काही दिवस टिकतात, त्यानंतर डबाबंद अन्नावर भागवावे लागते. (डब्यातल्या टोमॅटोला ब्रिटिश खलाशी ‘ट्रेन स्मॅश’, म्हणजे रेल्वेची टक्कर, म्हणतात, भुसावळ जंक्शनजवळच्या आपल्या मंडळींना हे नाव रुचेल असे वाटत नाही.) शेंगदाण्याची कोरडी, लसूण घातलेली चटणी द्यावी, ती मात्र पातळ, चपट्या डब्यात द्यावी, कारण त्याच्या वाट्याला येणारा कप्पा फार लहान असतो. तो परत आला, की त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास असेल. ते घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे भिजवावेत, आणि एका धुण्यात तो वास जाईल अशी अपेक्षा ठेवू नये.