गाडी यायला वेळ असतानाही गेटमन मोठा ट्रक फाटकातून का सोडत नाहीत?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘आमचा ट्रेलर दोन मिनिटांत पार झाला असता. गाडी त्यानंतर सात-आठ मिनिटांनी आली. तेवढ्यासाठी गेटमननं अडवून धरलं, त्याला एवढा कसला अधिकार?’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकलंय. पुणे-मिरज मार्गावर ऊसपट्ट्यातल्या एका फाटकावर मी गेटमन होतो, आणि हेच वाक्य माझ्या घरच्या माणसानं मला चारचौघांत सुनावलंय. म्हणून लिहायला बसलो.

आधी सरळ उत्तर देतो. बंद केलेलं फाटक उघडायचं की नाही, हे त्या वेळी गेटमनच्या मर्जीवर नसतंच. इंटरलॉक फाटकावर फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, आणि सिग्नल दिल्यावर फाटक सहजासहजी उघडता येत नाही. आमचं फाटक त्या काळी इंटरलॉक नव्हतं, सगळा कारभार फोनवर. स्टेशन मास्तर फोन करणार, अमुक गाडी सोडतोय, फाटक बंद करा. मी दोन्हीकडच्या बूम, म्हणजे फाटकाचे आडवे दांडे, खाली घ्यायच्या, कुलूप लावायचं आणि तक्त्यावरचा प्रायव्हेट नंबर, म्हणजे फाटक लावल्याची खूण म्हणून द्यायचा गुप्त आकडा, त्यांना सांगायचा. तो नंबर ते वहीत लिहिणार आणि मगच गाडी सोडणार. नंबर दिला म्हणजे रूळ मोकळे आहेत असा मी शब्द दिला. त्यानंतर मी फाटक उघडलं, तर इंजिनातल्या ड्रायव्हरला ते कळणार कसं? त्याला सिग्नल मिळालेला आहे आणि तो आपल्या वेगानं येतोय.

ताशी ११० किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाला ३० मीटर कापते. आणीबाणीचा ब्रेक लावला तरी एक्स्प्रेस उभी राहायला किलोमीटरभर अंतर जातं. रात्री, वळणावर, धुक्यात ट्रक दिसेपर्यंत तेवढं अंतर उरलेलंच नसतं.

आता तुमच्या ट्रेलरचा हिशोब. १८ मीटरचा ट्रेलर एका बूमपासून पलीकडच्या बूमच्या बाहेर पूर्ण निघायला तीसेक मीटर चालावा लागतो. मार्ग दुहेरी असेल तर आणखी जास्त. भरलेला ट्रेलर चढावरून पहिल्या गिअरमध्ये ताशी ५ किलोमीटरनं जातो, म्हणजे वीस-बावीस सेकंद. हे सगळं सुरळीत झालं तर. गिअर सुटला, इंजिन बंद पडलं, पुढं बैलगाडी आडवी आली, तर सेकंदांचा हिशोब तिथंच संपला. मोटारसायकलवाला अडकला तर गाडी टाकून पळतो आणि चार माणसं ती उचलून बाजूला करतात. ४० टनांचा ट्रेलर कोण उचलणार?

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात तीच आहे.

कारखान्याचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते. आमच्या भागातल्या एका कारखान्याला बॉयलरचा मोठा ड्रम यायचा होता आणि तो आणण्याचं काम माझ्या बायकोच्या धाकट्या भावाकडं होतं. त्यानं नुकताच कर्ज काढून लो-बेड, म्हणजे जमिनीलगत बुटक्या पोटाचा, ट्रेलर घेतला होता. बँकेचा हप्ता, कारखान्याची घाई, पावसानं उखडलेला रस्ता, सगळं त्याच्या डोक्यावर. हे मला दिसत होतं. संध्याकाळी अंधार पडता पडता तो जीपमधून पुढं आला, मागून ट्रेलर. मी नुकतंच मिरजेकडून येणाऱ्या पॅसेंजरसाठी फाटक लावलं होतं. नंबर देऊन झाला होता.

‘‘दाजी, उघडा की जरा. गाडी कुठं दिसतीया? दोन मिनिटांचं काम हाय.’’

‘‘नंबर दिलाय मी. गाडी जाऊ दे, लगेच उघडतो.’’

‘‘आवो, नंबर कसला घेऊन बसलाय? आपल्या घरचंच गेट हाय.’’

‘‘घरचं नाही ते. गाडीत माणसं आहेत.’’

तोवर मागं ऊसतोडीच्या तयारीचे ट्रॅक्टर, दुधाचा टेम्पो, दोन एसटी जमा झाल्या. लोक उतरून बघायला लागले. मग त्याचा आवाज चढला. पगारी गेटमन आणि मिजास मोठ्या साहेबाची, असं तो बोलला. बहीण दिली त्या घरानं रस्त्यात उभं केलं, असंही बोलला. शेवटी त्यानं बूम वर घ्यायच्या हँडलला हात घातला. मी कुलपाची किल्ली घेऊन गुमटीत, म्हणजे गेटमनच्या खोलीत, गेलो आणि आतून कडी लावून घेतली. बाहेर जे चाललं होतं ते ऐकत बसलो.

पॅसेंजर गेली. मी मास्तरांना विचारलं. मागून मालगाडी होती, पण ती सोडायला अजून वेळ होता. फाटक उघडलं. ट्रेलरचा घोडा, म्हणजे पुढचा ओढणारा भाग, रुळांवर चढला, पलीकडं उतरला, आणि ड्रमचं वजन घेतलेलं मागचं लांबलचक पोट खाडकन रुळावर टेकलं. घोड्याची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, रबर जळाल्याचा वास आला.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण ड्रायव्हर लोकांनासुद्धा ते माहीत नसतं. रुळांखाली खडी भरून पॅकिंग करतात, तेव्हा रूळ थोडे थोडे उचलले जातात. वर्षानुवर्षं असं झालं की रूळ उंच होतात आणि दोन्हीकडचा रस्ता मात्र जुन्याच पातळीला राहतो. मधे उंचवटा तयार होतो. साधा दहाचाकी ट्रक त्याच्यावरून डुलत निघून जातो. लो-बेडचं पोट जमिनीपासून वीतभर वर, आणि पुढच्या-मागच्या चाकांत मोठं अंतर. उंचवटा बरोबर त्या पोटाखाली येतो. रस्ता एकाच्या ताब्यात, रूळ दुसऱ्याच्या, म्हणून तो चढ कुणीच वेळेवर दुरुस्त करत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की फाटकावरच्या अर्ध्याअधिक अडचणी या चढाच्या आहेत.

मी आधी फोन उचलला. ‘लाइन ब्लॉक आहे, ट्रेलर रुळावर अडकलाय, नंबर देणार नाही.’ मास्तरांनी मालगाडी तिथंच धरली. फोन झाला म्हणून गेटमन मोकळा होत नाही. फाटकावर दोन्ही दिशांना लाल बत्ती लावायची आणि गाडी ज्या बाजूनं येणार, तिकडं लाल बत्ती दाखवत पळत सुटायचं. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. इंजिनाच्या चाकाखाली तो फुटला की ड्रायव्हर ब्रेक लावतो. जवळच्या क्वार्टरमधून गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा कामगार, धावत आला, त्याला मी दुसऱ्या बाजूला पिटाळलं. परत आलो तेव्हा माझा मेहुणा ट्रेलरच्या खाली पालथा पडून जॅक लावत होता. कपडे चिखलानं भरलेले. लाकडी स्लीपर, पहारी, जॅक, दहा-पंधरा माणसं, असं करत तासाभराहून जास्त वेळानं ट्रेलर निघाला.

आता सांगा, पॅसेंजरच्या आधी मी ‘दोन मिनिटं’ दिली असती तर? त्या गाडीत कॉलेजची पोरं असायची, बाजार करून परतणाऱ्या बाया असायच्या. समोर बॉयलरचा लोखंडी ड्रम. मला त्याचं चित्र उभं करायचं नाही.

मेहुण्याचं म्हणणं मात्र आजही वेगळं आहे. तो म्हणतो, तुम्ही अडवलंत म्हणून ड्रायव्हरचं डोकं फिरलं आणि तो तिरका चढला, पहिल्यांदाच सोडलं असतं तर ट्रेलर वेगात निघून गेला असता. लग्नकार्यात, बारशात, जिथं भेटेल तिथं हेच. ‘आमच्या दाजींनी सख्ख्या मेहुण्याला सोडलं नाही.’ हो, सोडलं नाही. ट्रेलर सरळ चढवा नाहीतर तिरका, हळू नाहीतर जोरात, पोटाची उंची बदलत नाही. जोरात चढवला असता तर जास्त घट्ट रुतला असता एवढंच.

आणि ट्रेलर न अडकता, नुसता सावकाश चालला तरी काय होतं, हे इंग्लंडमधल्या हिक्सनला दिसलं. ६ जानेवारी १९६८. १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन एक प्रचंड ट्रान्सपोर्टर स्वयंचलित फाटक ओलांडत होता. तिथं गेटमन नव्हता. गाडी जवळ आली की दिवे लागायचे, अर्ध्या रस्त्यापुरत्या बूम आपोआप खाली यायच्या, आणि इशारा मिळाल्यापासून गाडी यायला अर्धं मिनिटसुद्धा नव्हतं. ट्रान्सपोर्टर माणसाच्या चालीनं निघालेला. मँचेस्टरहून लंडनला जाणारी एक्स्प्रेस त्याच्यावर आदळली आणि ११ माणसं गेली. पोलिसांची गाडी त्या ट्रान्सपोर्टरच्या पुढं होती, तरीही. अवजड वाहनवाल्यानं ओलांडण्याआधी सिग्नलमनला फोन करायचा हे चौकशीनंतर तिथं सगळ्यांच्या मनावर ठसवलं गेलं. आपल्याकडं तो फोन करणारा माणूस गुमटीत बसलेला असतो आणि त्यालाच लोक शिव्या देतात.

महाराष्ट्रातलं बघा. ३ फेब्रुवारी २००५ ला नागपूरजवळ कन्हानला वऱ्हाड घेऊन निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली बिनगेटमनच्या फाटकावर रेल्वेखाली आली, पन्नासहून जास्त माणसं एका क्षणात गेली. ब्रॉडगेजवरची अशी बिनमाणसाची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत रेल्वेनं संपवली, हे मोठं काम झालं आणि त्याबद्दल रेल्वेचं कौतुक केलंच पाहिजे. पण मार्च २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यात बोदवडला काय झालं? उड्डाणपूल बांधून तयार, जुनं फाटक कायमचं बंद केलेलं, आणि पहाटे एक ट्रक तेच तोडून रुळावर गेला. मुंबई-अमरावती एक्स्प्रेस त्याला धडकली. कुणाचा जीव गेला नाही हे नशीब. पूल असताना! याला अज्ञान म्हणायचं नाही. चार मिनिटं वाचवायची सवय लागलीय आणि ती सवय मालक लावतात, ड्रायव्हर नाही. रात्री गाडी वेळेत पोचली नाही तर भाडं कापणारा मालक घरी झोपलेला असतो.

रेल्वेच्या सुरक्षेवर नेमलेल्या अनिल काकोडकरांच्या समितीनं २०१२ मध्येच सांगितलं होतं की पाच वर्षांत सगळी फाटकं काढून टाका, माणूस असलेलीसुद्धा. खर्च साधारण ५० हजार कोटी. तेव्हा लोकांना तो आकडा फार वाटला. माझी सगळी नोकरी फाटकावरच झाली, तरी मी म्हणतो, ते म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पूल किंवा भुयारी रस्ता झाला की दाजी-मेहुण्याचं भांडणच उरत नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. गेटमन सगळे सारखे नसतात. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ इंटरलॉक नसलेलं फाटक उघडं राहिलं, शाळेची व्हॅन रुळावर गेली आणि तीन विद्यार्थी गेले. गेटमनला अटक झाली, आणि व्हायलाच हवी होती. बारा-बारा तासांच्या ड्युट्या मीही केल्यात, झोप काय असते मला माहीत आहे, पण फाटक न लावता नंबर देण्याला माफी नाही. तुमच्या फाटकावर गाडी यायच्या अर्धा तास आधीपासून रस्ता बंद राहत असेल, तर तक्रार जरूर करा, रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर करा. सात-आठ मिनिटांसाठी करू नका.

तुमचा स्वतःचा ट्रेलर आहे असं दिसतंय, म्हणून चार गोष्टी. अवजड माल न्यायचा असेल तर आदल्या दिवशी फाटकावर स्वतः या, चढ डोळ्यांनी बघा, गेटमनशी बोला, तो मास्तरांना विचारून गाड्यांच्या मधली मोठी वेळ सांगेल. माझ्या मेहुण्यानं हे एक केलं असतं तर त्याला दुपारची मोकळी वेळ मिळाली असती, मीच काढून दिली असती. पलीकडं तुमचं अख्खं वाहन मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय रुळावर चढू नका. फाटक लागल्यावर दोन्हीकडचे लोक अख्खा रस्ता भरून उभे राहतात आणि उघडल्यावर ट्रक बरोबर मधोमध कोंडतो, हे रोज होतं. रुळावर गिअर बदलू नका. विजेच्या मार्गावर फाटकाआधी लोखंडी कमान असते, तिला माल घासत असेल तर पुढं जाऊच नका. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि तार न शिवतासुद्धा माणूस जळतो. तेवढा उंच माल असेल तर रेल्वेची परवानगी काढून, वीज बंद करून घेऊनच न्यायचा असतो.

आणि अडकलातच, तर ट्रेलर हलवायच्या नादात पाच मिनिटं घालवू नका. क्लीनरला आधी गुमटीकडं पळवा. गेटमनला कळलं तर तो गाडी थांबवण्याची खटपट सुरू करू शकतो. तुम्ही लपवून ठेवलंत तर त्याला काहीच करता येत नाही. बंद फाटक स्वतः उघडणं किंवा तोडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली गुन्हा आहे, उघडण्याला तीन वर्षांपर्यंत आणि तोडण्याला पाच वर्षांपर्यंत कैद. हँडलला हात घालणाऱ्या मेहुण्याची तक्रार मी तेव्हा केली नाही, बायकोनं हात जोडले म्हणून. तुमच्या फाटकावरचा गेटमन तुमचा दाजी नसेल. तो करेल.