फिल्मचा रोल बदलला की रंग का बदलतात? पावसाळ्यासाठी कोणता रोल आणि कोणता फिल्टर घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घाटातल्या एकाच जागेचे, एकाच दुपारचे फोटो तुम्ही दोन रोलवर काढले. कोडॅक गोल्ड २०० वरचे पिवळसर आले आणि पोर्ट्रा ४०० वरचे फिके, किंचित गुलाबी. मग हा दोष रोलचा, की फिल्टर लावायला हवा होता?

खरी गोम तुम्ही जाता जाता लिहून गेलात: दोन्ही रोल वेगवेगळ्या लॅबमध्ये धुतले.

कलर निगेटिव्ह उजेडात धरून बघा. त्या नारिंगी पट्टीवरून पान हिरवं होतं की पोपटी, हे कोणाच्या बापाला सांगता येणार नाही. ती नारिंगी झाक वजा करायची, रंग उलटे करायचे आणि समतोल कुठे ठेवायचा, हे सगळं स्कॅनर आणि तो चालवणारा माणूस ठरवतो. आमटी कंपनीची, फोडणी लॅबवाल्याची. त्यात आपला पावसाळा म्हणजे स्कॅनरला चकवाच. अख्खी फ्रेम हिरवीगार असली की ऑटोवर ठेवलेल्या स्कॅनरला वाटतं, हिरवी झाक चढली आहे, काढून टाकू. मग तो मॅजेंटा (हिरव्याच्या विरुद्धचा गुलाबी-जांभळा) वाढवतो, हिरवा मरतो आणि धुकं गुलाबी होतं. तुमच्या पोर्ट्राचं बहुधा हेच झालंय. निगेटिव्हमध्ये हिरवा शाबूत असेल.

म्हणून रोलला काही अर्थच नाही, असं नव्हे. कलर फिल्ममध्ये प्रकाश टिपणारे थर एकावर एक असतात: वर निळा टिपणारा, मध्ये हिरवा, खाली लाल. कुठला थर कोणत्या छटेला जास्त दाद देणार, कॉन्ट्रास्ट किती चढा ठेवायचा आणि धुताना कोणते रंग तयार होणार, हे कंपनी ठरवते. पोर्ट्रा माणसांसाठी बनवलेली, म्हणून कॉन्ट्रास्ट मवाळ आणि त्वचा सांभाळून. २००८ साली आलेली एक्टार १०० उलट स्वभावाची, रंग ठासून भरलेले. निसर्गाला झकास, पण गोऱ्या किंवा उन्हाने तापलेल्या चेहऱ्यांवर लाली चढवते. गोल्डचा कल पहिल्यापासून पिवळ्या-सोनेरीकडे. फुजीने १९८९ च्या रियालामध्ये चौथा थर घातला होता तो ट्यूबलाइटसाठी. साध्या फिल्मवर ट्यूबलाइटखाली सगळं हिरवट यायचं, ते त्याने बरंच कमी झालं.

एक गंमत मात्र कुठल्याच लॅबला निस्तरता येत नाही. फिल्मचा लाल थर आपल्या डोळ्यापेक्षा जरा पुढचं, लालाच्या पार टोकाचं बघतो. मॉर्निंग ग्लोरी किंवा अ‍ॅजेरॅटमसारखी काही निळी-जांभळी फुलं नेमका तोच प्रकाश भरपूर परत फेकतात. आपल्याला निळं दिसलेलं फूल फिल्मवर गुलाबीकडे झुकतं. फूल निळं करायला जावं, तर पानांची वाट लागते. याला अ‍ॅजेरॅटम इफेक्ट असंच नाव आहे. रानफुलांच्या मोसमात रोल घेऊन हिंडणार असाल तर हे डोक्यात असू द्या, उगाच लॅबवाल्याशी भांडण नको.

रोलचा खरा स्वभाव बघायचा तर स्लाइड फिल्म वापरावी. तिथे नारिंगी झाक नाही, रंगांची उलटापालट नाही. धुऊन आलेली पट्टी लाइटबॉक्सवर ठेवली की जे आहे ते समोर. १९९० ची व्हेल्व्हिया ५० हिरव्याला असं काही पेटवते की ओलं भातशेत खरं वाटेनासं होतं. मला ते आवडतं, अनेकांना भडक वाटतं. माणसांवर मात्र वापरू नका, चेहरे लालबुंद येतात. आणि धबधब्यासाठी चार-आठ सेकंदांचं एक्स्पोजर दिलंत की हीच फिल्म स्वतःहून हिरवी झाक धरते; अशा वेळी फिकट मॅजेंटा फिल्टर लावा, असं फुजीच सांगते. स्लाइडला एक्स्पोजरची चूक अर्ध्या स्टॉपपलीकडे खपत नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि ती धुणाऱ्या लॅब आपल्याकडे मोजक्याच. सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नये.

आता फिल्टर. ढगाळ उजेड निळसर असतो म्हणून ८१ए, ८१बी असे किंचित पिवळट फिल्टर विकत घ्यायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. स्लाइडसाठी तो योग्य. निगेटिव्हसाठी पैसे वाया, कारण तेवढी दुरुस्ती स्कॅनमध्ये सहज होते.

पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारा फिरता फिल्टर, त्याची गोष्ट वेगळी. पावसात भिजलेल्या पानावर पांढरं आभाळ चकाकतं आणि त्या चकाकीखाली पानाचा हिरवा झाकला जातो. पोलरायझर लावून व्ह्यूफाइंडरमधून बघत सावकाश फिरवा. एका जागी चकाकी विरते आणि हिरवा वर येतो. जो रंग फिल्मवर पोचलाच नाही, तो नंतर कुठून आणणार? दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो, म्हणून कमी उजेडात चालणारा ४०० चा रोल घ्या. ओल्या काळ्या कातळावरही असाच उपयोग होतो.

जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडातही तीच अडचण. सर्वसाधारण रोल ५५०० केल्विनच्या दिवसाच्या प्रकाशासाठी बनवलेले असतात (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). बल्ब असतो ३००० च्या आसपास. त्यात निळा जवळपास नसतोच, म्हणून निळा टिपणारा थर उपाशी राहतो. लॅबने निळा ओढून वाढवला की सावल्यांमध्ये दाणे फुटतात. ८०ए हा निळा फिल्टर यावर उपाय, पण तो दोन स्टॉप खातो. ४०० चा रोल १०० सारखा वागतो आणि बल्बखाली लेन्सचं छिद्र एफ २ इतकं मोठं उघडूनही शटर १/८ सेकंदावर येतं. मग ट्रायपॉड आलाच. त्यापेक्षा सिनेस्टिल ८००टी घ्यावी. ती मुळात कोडॅकची, बल्बच्याच उजेडासाठी बनवलेली सिनेमाची फिल्म. मागचा काळा थर काढलेला असल्यामुळे दिव्यांभोवती लाल वलयं येतात. पणतीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास, त्यामुळे दिवाळीचे फोटो तिच्यावरही पिवळेच येतात, पण बरे दिसतात. एलईडीच्या बाबतीत ८०ए चं गणित जमत नाही, दर एलईडीचा रंग निराळा.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फिल्टरला सगळ्यात जास्त मान. फिल्टर आपला रंग उजळतो आणि विरुद्ध रंग काळवंडवतो. जेजुरीला पिवळा फिल्टर लावलात तर भंडारा उजळ आणि निळं आभाळ गडद. हिरवा लावून गुलालाचा फोटो काढलात तर माखलेले चेहरे काळे दिसतील.

तेव्हा पावसाळ्यासाठी माझं मत: पोर्ट्रा ४०० आणि एक पोलरायझर. मीटर २०० वर ठेवून काढा. निगेटिव्हला एक स्टॉप जास्तीचा उजेड मानवतो, कमी मात्र सोसत नाही. नवा रोल घेण्याआधी हातातल्या दोन्ही निगेटिव्ह एकाच लॅबला द्या, ऑटो करेक्शन बंद ठेवून दोन्हींना एकच सेटिंग लावायला सांगा. त्यानंतरही जो फरक उरेल तो रोलचा.