बुद्ध्यांक 91 आला, मुलाच्या हट्टीपणाचं कारण हेच का?

ताई, आठ वर्षांच्या मुलाचा बुद्ध्यांक 91 आला म्हणून तो हट्टी झालाय, गृहपाठ अर्धवट टाकतो, असं तुम्हाला वाटतंय. आधी 91ची धास्ती सोडा. 90 ते 109 म्हणजे सरासरी. दर तिघांतली दोन माणसं 85 ते 115मध्येच येतात, त्यात बहुधा तुम्ही-आम्हीही.

मी ठाण्याच्या नौपाड्यात मुलांच्या या चाचण्या घेते. गेल्या वर्षी एक मुलगा आला, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास अडकून, पोटात काही नाही. दोन प्रश्न धड झाले आणि मग सुरू, "माहीत नाही." आकडे उलटे म्हणायचे होते, मी ते वाचून संपवायच्या आत "नाही येत." टेबलाखाली एक सँडल पायाने घुमवत होता. "मॅडम, अजून किती राहिलंय?" आकडा आला 87. रिपोर्टच्या शेवटी मी हे सगळं लिहिलं होतं, आईने फक्त आकडा वाचला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी 2011 साली नेमकं हेच तपासलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मुलांच्या चाचणीचं चित्रीकरण पाहून कोण मनापासून प्रयत्न करतोय आणि कोण सुटका व्हावी म्हणून भराभर "माहीत नाही" म्हणतोय, याची नोंद केली. प्रयत्न करणाऱ्यांचा बुद्ध्यांक जास्त होताच, आणि पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधताना हा प्रयत्नही हिशेबात धरला, तर बुद्ध्यांकाचा वाटा कमी झाला. म्हणजे तुमच्या घरी गाडी उलटीही असू शकते: वागण्यानेच आकडा खाली ओढला असेल.

डकवर्थ आणि सेलिगमन यांच्या 2005च्या अभ्यासात तर आठवीच्या मुलांच्या गुणांमधला फरक बुद्ध्यांकापेक्षा स्वयंशिस्तीने दुपटीहून जास्त उलगडला. म्हणून बुद्ध्यांक भंकस आहे असं मुळीच नाही. शाळेतल्या यशाशी त्याचं नातं पक्कं आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांनी 1905 साली पॅरिसमध्ये चाचणी बनवली तीच मुळी वर्गात कोणाला जास्तीची मदत लागेल हे ओळखायला.

लगेच दुसरीकडे चाचणी करू नका, प्रश्न आठवतात आणि आकडा उगाच फुगतो. डोळे आणि कान मात्र तपासून घ्या. आणि चाचणी घेणाऱ्यांना फोन करून एवढंच विचारा: आमचा बाळ किती वेळा "माहीत नाही" म्हणाला, आणि कितव्या प्रश्नापासून?