पाळीचं दुखणं आणि चिनी काढे : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पाळीच्या दुखण्यावर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला, त्यात गंमत म्हणजे बऱ्याच जणींनी चिनी औषधांबद्दलच विचारलंय. कुणी परदेशात राहतंय, कुणाची मुलगी तिकडे शिकतेय, कुणी ऑनलाइन काहीतरी मागवून बसलंय. मी ॲलोपॅथीची गायनॅक, चिनी वैद्य नाही, हे आधीच सांगते. पण या विषयाचं वाचन बरंच आहे, तेव्हा जेवढं पक्कं माहितीये तेवढं लिहिते.

प्रश्न : ताई, मी लग्नानंतर सिंगापूरला आलेय, वय २९. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात इतकं दुखतं की ऑफिसला दांडी ठरलेली. माझ्या चिनी मैत्रिणीच्या आईने वाळलेल्या मुळ्यांचं एक पाकीट दिलंय, चिकन सूपमध्ये उकळून पाळी संपल्यावर प्यायचं म्हणाल्या. दुखतं पहिल्या दिवशी आणि औषध पाळी संपल्यावर, हे काय गणित? आणि मी चिकन खात नाही, नुसत्या पाण्यात उकळलं तर चालेल का?

तुझ्या हातात बहुतेक 'सी वू तांग' आहे, म्हणजे चार औषधांचा काढा. त्यात दांग ग्वेई (ओवा-धण्याच्या कुळातलं एक सुगंधी मूळ, सगळ्यात चांगलं गान्सू प्रांतातल्या मिन भागातलं मानतात), बाई शाओ, छ्वान श्योंग आणि ते काळंकुट्ट चिकट दिसतं ना ते शू दी ह्वांग. हा काढा नवव्या शतकातल्या एका हाडवैद्याच्या पुस्तकात पहिल्यांदा सापडतो आणि तिथे तो मार लागल्यावर, पडल्या-झडल्यावर द्यायचा होता, बायकांचा त्यात काही संबंध नव्हता. पुढे सुंग राजवटीत सरकारी औषधसंग्रहात आला तो बायकांचं औषध म्हणूनच आणि तेव्हापासून तिकडच्या आया-आज्ज्या मुलींना पाळीनंतर तो पाजत आल्यात. हिशोब असा की पाळीत रक्त गेलं, आता ते भरून काढायचं. म्हणजे हे पेनकिलर नाहीचे, म्हणून पाळी संपल्यावर.

आता तुझं दुखणं त्यात बसतं का हा खरा प्रश्न, आणि इथे चिनी वैद्य आपल्यापेक्षा जास्त खोदून विचारतात हे मला मान्य करावंच लागतं. आपल्याकडे दुखतंय म्हटलं की गोळी लिहून मोकळे. ते विचारणार, पाळीच्या आधी दुखतं, पहिल्या दिवशी की संपताना? पोट दाबलं तर बरं वाटतं का उलट जास्त दुखतं? गरम पिशवीने थांबतं का? गाठी पडतात का, रंग काळपट आहे का? मग जीभ बघणार, दोन्ही हातांची नाडी बघणार. त्यांच्याकडे म्हणतातच की वाहतं तिथे दुखत नाही, अडतं तिथे दुखतं. पहिल्याच दिवशी कळ, काळ्या गाठी, दाबलं की जास्त आणि शेकलं की बरं, असं असेल तर ते म्हणणार थंडीने रक्त अडलंय. पाळीआधी चारपाच दिवस छाती जड, चिडचिड, पोट फुगल्यासारखं, तर प्रकार वेगळा. आणि पाळी संपत आल्यावर बारीक बारीक दुखतं, दाबलं की बरं वाटतं, थकवा, चेहरा फिका, तर रक्त कमी पडलंय. सी वू तांग मुख्यतः या शेवटच्या प्रकारासाठी. तू लिहिलंयस ते मला पहिल्या प्रकारासारखं वाटतं, म्हणजे औषध वाईट नाही पण पत्ता चुकलाय.

पहिल्या प्रकारावर त्यांचं गाजलेलं औषध म्हणजे 'शाओफू झूयू तांग', वांग छिंगरेन नावाच्या वैद्याचं, १८३० मधलं. हा जरा विक्षिप्त गृहस्थ होता, जुन्या पुस्तकांतली शरीररचना चुकीची आहे म्हणून साथीत मेलेल्या मुलांची प्रेतं स्वतः जाऊन बघायचा. त्याच्या या दहा घटकांच्या काढ्यातले तीन तर आपल्या स्वयंपाकघरातच आहेत, बडीशेप, सुंठ आणि दालचिनी. हिराबोळ पण आहे. पण तू शाकाहारी म्हणून मुद्दाम सांगते, त्यात 'वू लिंग झी' असतं आणि ती उडणाऱ्या खारीची वाळलेली विष्ठा असते (आपलं शेकरू नव्हे, वेगळा प्राणी). तसंच 'वू जी बाई फेंग' किंवा बाक फूंग नावाने ज्या गोळ्या तिकडे दुकानात मिळतात त्यात काळ्या कोंबडीचं मांस असतं, आपल्या कडकनाथसारखीच आतून काळी. लेबल वाच.

सी वू तांग नुसत्या पाण्यात उकळलं तर चालतं, मूळ काढा पाण्यातलाच आहे, चिकन हा घरगुती लाड. फक्त शू दी ह्वांग पचायला जड, पोट आधीच बिघडलेलं असेल तर जुलाब होतात. आणि तू सिंगापुरात आहेस हे चांगलंच आहे, तिथे चिनी वैद्यांना सरकारी बोर्डाकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा पाकिटाच्या भरवशावर राहण्यापेक्षा एखाद्या नोंदणीवाल्याला दाखव आणि त्याला आधीच सांग की प्राण्यांचं काही नको. बरेचदा ते पाळीच्या आठवडाभर आधीपासून काढा सुरू करतात आणि तीन पाळ्या तरी बघतात, एका महिन्यात फरक नाही पडला म्हणून लगेच सोडू नकोस. दिवस जायचा प्रयत्न चालू असेल तर मात्र ते आधी सांग, रक्त 'हलवणारी' बरीच औषधं त्यात चालत नाहीत.

प्रश्न : मॅडम, आमची सोलापूर भागात कोरडवाहू शेती आहे, करडई असते. चीनमध्ये करडईच्या फुलाचा पाळीच्या दुखण्यावर उपयोग करतात असं ऐकलं, खरं आहे का? आमच्या सुनेला आणि पुतणीला देऊ का?

खरं आहे, काका. त्याला तिकडे 'होंग ह्वा' म्हणतात, लाल फूल, आणि ती आपली करडईच. वर सांगितलेल्या चार औषधांत करडईची फुलं आणि पीच फळाच्या बियांतला गर घातला की 'ताओ होंग सी वू तांग' होतो, तो गाठी पडणाऱ्या, अडून दुखणाऱ्या पाळीवर देतात. आपण करडई पिकवतो ती तेलासाठी, फुलं तशीच वाळून जातात, तिकडे शिनजियांगमध्ये फुलांसाठी वेचणी होते. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचं वाण काढलंय, नारी-६, काटे नसल्याने पाकळ्या वेचता येतात, आणि त्यांनी पाकळ्यांच्या चहावरही काम केलंय. त्यामुळे तुमची कल्पना अगदीच हवेतली नाही.

पण तीन गोष्टी. एक, करडईवर मावा पडतो आणि तुम्ही फवारता, मग त्याच फुलांचा चहा कुणालाही देऊ नका, प्यायचाच असेल तर चार ओळी बिनफवारणीच्या वेगळ्या ठेवा. दोन, चिनी औषधकोशात दिवसाचं प्रमाण ३ ते १० ग्रॅम आहे आणि तेही वैद्याच्या हाताखाली, घरी चिमूटभर पाकळ्यांच्या पुढे जाऊ नका. तीन आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिला पाळीत अंगावरून जास्त जातं तिला नाही, आणि जिला दिवस गेलेत किंवा जाण्याची शक्यता आहे तिला तर अजिबातच नाही. सुनेला विचारल्याशिवाय देऊ नका. हे तिलाच ठरवू द्या, सासऱ्यांनी आणून दिलं म्हणून नाही म्हणता येत नाही असं व्हायला नको.

प्रश्न : माझी मुलगी चीनमध्ये एमबीबीएस करतेय. पाळीत तिच्या मैत्रिणी तिला आलं आणि लाल साखर घातलेलं गरम पाणी देतात आणि थंड पाण्याला हात लावू देत नाहीत. ती पेनकिलर पण घेते, ते मला आवडत नाही. पेनकिलरने गर्भाशय कमजोर होतं ना? त्यापेक्षा साखरेचं पाणी बरं नाही का?

लाल साखर म्हणजे ऊसाची न शुद्ध केलेली साखर, आपल्या गुळाची बहीण. तर तुमच्या लेकीला तिथे सुंठ-गूळच मिळतोय, नुसता बीजिंगचा पत्ता लावून. गरम पाणी प्या हा सल्ला तिकडे इतका सर्रास देतात की मुली त्यावर जोक करतात, आजारी म्हटलं की बॉयफ्रेंड दुसरं काही न सुचून तेवढंच म्हणतो. तरी आल्याने थोडं बरं वाटतं हे काही लहान अभ्यासांत दिसलंय आणि शेक तर खरंच काम करतो. २००१ मध्ये एका अभ्यासात पोटावर साधारण ३९ अंशांचा शेक सतत दिला तेव्हा तो आयब्युप्रोफेन या पेनकिलरच्या तोडीचा ठरला. साखरेचं श्रेय मी देणार नाही.

पेनकिलरने गर्भाशय कमजोर होत नाही, हे डोक्यातून काढाच. पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायू आवळतं, म्हणून कळा येतात, आणि या गोळ्या तेच रसायन तयार होऊ देत नाहीत. म्हणून कळ असह्य झाल्यावर नाही, दुखायला लागतंय असं वाटलं की लगेच, आणि उपाशीपोटी नाही. अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारायचं. मेफेनॅमिक ॲसिड आपल्याकडे घरोघरी असतं, त्याबद्दल २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी इशारा आला होता की क्वचित कुणाला काही आठवड्यांनी ताप, पुरळ, गाठी सुजणं अशी तीव्र ॲलर्जी होते. असं काही दिसलं तर गोळी बंद आणि डॉक्टरकडे, बाकी घाबरायचं कारण नाही. मेडिकलची मुलगी आहे, तिला कळतं.

प्रश्न : वय ४२, हार्टचा व्हॉल्व्ह बदललाय, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. पाळीत दुखतं म्हणून ऑनलाइन 'फीमेल जिनसेंग' कॅप्सूल मागवल्या. हर्बल आहे, चालेल ना?

नाही. ते दांग ग्वेईच आहे, दुसऱ्या नावाने विकतात, जिनसेंगशी त्याचं काही नातं नाही. वॉरफरिनबरोबर घेतलं तर रक्त जास्तच पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि दान शेन नावाच्या दुसऱ्या चिनी मुळाचंही तसंच. सुरू केल्या असतील तर आज बंद करा, हार्टच्या डॉक्टरांना फोन करा आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी रक्ततपासणी) तपासा. वॉरफरिन स्वतःहून कमी-जास्त करू नका आणि आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलरही मनाने घेऊ नका. पाळीच्या दुखण्यासाठी काय घ्यायचं ते त्यांच्याशी बोलूनच.

प्रश्न : ठाण्याहून लिहितेय, वय ३४. आधी फक्त पाळीत दुखायचं, आता महिनाभर ओटीपोटात दुखतं, संबंधाच्या वेळीही. डॉक्टर म्हणतात एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) असावा, लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून ऑपरेशन) करू. एका ओळखीच्या बाईंनी चिनी हर्बल गोळ्या सुचवल्यात, सहा महिन्यांत ऑपरेशन टळेल म्हणे. घेऊन बघू का?

टळेल म्हणणाऱ्या बाई गोळ्या विकतात का, हे आधी बघ.

तुझं दुखणं वरच्या सगळ्या पत्रांपेक्षा वेगळं आहे. तरुण वयात पाळीबरोबर येऊन पाळीबरोबर जातं ते साधं. जे वय वाढताना वाढत जातं, पाळी नसतानाही असतं, संबंधाच्या वेळी होतं, त्याच्यामागे काहीतरी असतं, एंडोमेट्रिओसिस, ॲडिनोमायोसिस (तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), इन्फेक्शन. ते शोधल्याशिवाय कुठलाही काढा म्हणजे सहा महिने वाया.

पुरावा किती आहे तेही सांगते. कोक्रेन ही जगभरचे प्रयोग गोळा करून छाननी करणारी नावाजलेली संस्था, त्यांच्या २००८ च्या आढाव्यात साध्या पाळीच्या दुखण्यावर चिनी औषधांचे ३९ प्रयोग होते, ३४७५ बायका, आणि निकाल चांगलेच दिसत होते, पण बरेचसे प्रयोग इतके ढिसाळ होते की छातीठोकपणे काही म्हणता येईना. एंडोमेट्रिओसिसवर त्यांना वापरण्यासारखे जेमतेम दोन प्रयोग मिळाले, १५८ बायका. एवढ्यावर ऑपरेशन टाळायचं? जपानमध्ये ॲलोपॅथीचे डॉक्टरच 'केइशी-बुकुर्यो-गान' किंवा 'तोकी-शाकुयाकु-सान' ही वनौषधी लिहून देतात, विम्यातही बसतं. दोन्ही मुळात चीनच्या झांग झोंगजिंग या वैद्याची, साधारण इ.स. २०० च्या आसपासची. पण तिथे आधी सोनोग्राफी होते, औषध ठरलेल्या दर्जाच्या कारखान्यातून येतं आणि डॉक्टरला दोन्ही बाजू माहीत असतात. तुझ्या त्या गोळ्यांच्या डबीवर घटक तरी लिहिलेत का?

घटक का विचारतेय ते ऐक. १९९० च्या सुमाराला ब्रुसेल्सच्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये चिनी औषधांच्या गोळीत एका मुळाच्या जागी नाव सारखं असलेलं दुसरंच मूळ गेलं, ॲरिस्टोलोकिया कुळातलं, आणि शंभराच्या आसपास बायकांच्या किडन्या गेल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. हे फक्त चिनी औषधांचं पाप आहे असं समजू नका, आपल्याकडचं सापसंद आणि कीडामारीही त्याच कुळातली आहेत आणि गावाकडे पाळीसाठी अजून देतात.

तर तू लॅप्रोस्कोपीबद्दल हवं तर दुसऱ्या गायनॅकचं मत घे. हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी असते ती, हे आधी करून बघता येईल का तेही विचार, काही जणींना तेवढ्यानेच भागतं. निदान पक्कं झाल्यावरही चिनी औषध घ्यावंसं वाटलं तर ऑपरेशनआधी सर्जनला सांग, दांग ग्वेई, करडई वगैरे काही दिवस आधी बंद करावी लागतात.

प्रश्न : पुण्यात चिनी वैद्य मिळेल का? आणि पायावर दाबायचा एक पॉइंट असतो म्हणे, पाळीच्या दुखण्याचा?

ॲक्युपंक्चरवाले मिळतील, महाराष्ट्रात त्याचा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी बघून जा. चिनी काढे देणारे मात्र वेगळे, ती पद्धत आपल्या आयुषच्या यादीत नाही, त्यामुळे कुणी स्वतःला चिनी वैद्य म्हणवत पुड्या देत असेल तर शिक्षण कुठलं, ते विचारा. पायाचा पॉइंट म्हणजे 'सान यिन ज्याओ', आतल्या घोट्याच्या हाडापासून चार बोटं वर, नडगीच्या हाडाच्या मागे. अंगठ्याने मिनिट-दोन मिनिटं दाबा, मग दुसरा पाय. फुकट आहे, ऑफिसच्या खुर्चीतही जमतं. फक्त पाळी चुकलीये आणि ओटीपोटात दुखतंय असं असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, आणि एका बाजूला जोरात दुखून चक्कर येत असेल तर पॉइंटबिइंट सोडा, सरळ हॉस्पिटल गाठा.