गॅरेज कट्टा : थंडरबर्डला तिसरं चाक लावू काय?

प्रश्न : नमस्कार. माझं वय ६१, उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलं, आता रिटायर होऊन खानापूरला असतो. थंडरबर्ड ३५० आहे, हिच्यावर आंबोली, चोर्ला, गोवा, पंढरपूर सगळं केलंय. दोन वर्षांमागं डाव्या गुडघ्याची वाटी बदलली. चालायला काही त्रास नाही पण गाडी थांबली की पायावर पेलत नाही, गेल्या महिन्यात घराच्या दारातच गाडीसकट आडवा झालो, तेव्हापासून बायकोनं चावी लपवून ठेवलीय. पुतण्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, तो म्हणतोय काका मागचं चाक काढू, ओम्नीचा अख्खा ॲक्सल टाकू, घरीच ट्राइक करू, पंधरा दिवसांचं काम. परदेशात मोठ्या टूरिंग गाड्यांना असं करतात ते व्हिडिओत बघितलंय. होतंय का? कायद्यात बसतंय का? खरं काय ते सांगा, गोड बोलू नका.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : काका, गोड बोलू नका म्हणालात म्हणून पहिल्यांदा पुतण्याच्या प्लॅनवरच येतो. ओम्नीचा ॲक्सल तुमच्या गाडीखाली बसेल पण फिरणार नाही. तुम्ही लेथवरचा माणूस, लगेच कळेल. ओम्नीत ताकद येते ती गाडीच्या लांबीत आडव्या पडलेल्या प्रोपेलर शाफ्टमधून, मग पिनियन आणि क्राउन ती काटकोनात वळवून चाकांकडं देतात. तुमच्या बुलेटच्या घराण्यातल्या गाडीला चेन आहे, स्प्रॉकेट आधीच चाकाच्या दिशेनं फिरतंय. ते ओम्नीच्या पिनियनला जोडायचं तर मधे अजून एक बेव्हल गियरबॉक्स घालायला पाहिजे, म्हणजे एकदा काटकोन करायचा आणि परत सरळ करायचा, कशाला तो उद्योग. परदेशात होंडाच्या गोल्डविंगचे ट्राइक एवढे दिसतात त्याचं एक कारण हेच की तिला मुळातच शाफ्ट ड्राइव्ह आहे. हार्लेची ट्राय ग्लाइड बेल्टवर चालते, पण तिच्यात बेल्टची पुली थेट डिफरन्शियलवरच, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गियरच्या डब्यावरच, बसवलीय. तुम्हाला लागणार ते चेन डिफरन्शियल, म्हणजे ज्याच्या अंगावरच स्प्रॉकेट बोल्ट होतो असं. रिक्षाचंही तसंच अडतं, तिथं डिफरन्शियल गियरबॉक्सच्या पोटातच असतं, सुटं काढून काही उपयोग नाही.

आता कोणीतरी म्हणणार डिफरन्शियल कशाला, सरळ एक जाड शाफ्ट घाला, दोन्ही टोकाला चाकं आणि मधे स्प्रॉकेट, झालं. हे आम्ही करून बसलोय! वीसेक वर्षांपूर्वी एका मित्राच्या जुन्या १०० सीसी गाडीचं आम्ही चौघांनी मिळून असंच तीनचाकी केलं, सरळ रस्त्यावर एकदम झकास पळाली, आणि एका फाउंड्रीच्या आवारात वळवायला गेलो तर हँडल पूर्ण डावीकडं आणि गाडी सरळच, पुढचं चाक नुसतं घासत घासत मोल्डिंगच्या वाळूच्या ढिगात जाऊन थांबली. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर आपापली सुटी फिरतात म्हणून ती वळते, आमच्या गाडीची एकमेकाला जखडलेली होती. वाळूचा ढीग होता म्हणून वाचलो, भिंत असती तर मी हे सदर लिहीत नसतो.

बरं, धरून चला डिफरन्शियल मिळालं, पुतण्यानं सबफ्रेम झकास केली, सगळं जुळलं. खरा प्रश्न तिथून पुढं चालू होतो आणि वेल्डिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही. बाइक वळणावर आत झुकते म्हणून सगळं वजन चाकाच्या रेषेत जमिनीत उतरतं. ट्राइक झुकत नाही, ती बाहेर पडायला बघते. हिशोब करूया, कागद घ्या. मागच्या दोन चाकांत ११० सेंमी अंतर धरा, तुम्ही बसल्यावर वजनाचा मध्य जमिनीपासून ६५ सेंमी उंच, आणि पुढच्या चाकापासून मागं व्हीलबेसच्या ६० टक्क्यांवर. अर्धं अंतर म्हणजे ५५, त्याला ६५ नं भागलं की ०.८५ येतं. पण पुढं एकच चाक आहे, जमिनीवरचा आकार त्रिकोण झाला, म्हणून त्याचे ६० टक्केच घ्यायचे, ०.५१. म्हणजे गाडीच्या वजनाच्या साधारण निम्मा जोर बाजूनं लागला की आतलं मागचं चाक हवेत. घाटातलं १५ मीटर त्रिज्येचं वळण असेल तर हा जोर ताशी ३१ किलोमीटरलाच लागतो. तेच वळण त्याच स्पीडला बाइकवर तुम्ही सत्तावीसेक अंश झुकून गेला असता, चोर्ल्यात गेलाही असाल, आणि काही वाटलं नसतं. वजन जेवढं खाली आणि जेवढं मागं तेवढं बरं, म्हणून पुढच्या बाजूला लेग गार्डवर सामानाच्या पेट्या लटकवायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट तर यापेक्षा अवघड कारण ती हातात मुरलेली असते. स्पीडमधे बाइक डावीकडं न्यायची तर आपण डावं हँडल पुढं ढकलतो, म्हणजे पुढचं चाक क्षणभर उजवीकडं वळतं आणि गाडी डावीकडं झुकते. कोणी शिकवत नाही, हातांना येतं. ट्राइकला हे लागू नाही, तिथं डावीकडं जायचं तर हँडल डावीकडंच. इतक्या वर्षांची हातांची सवय, समोरून अचानक ट्रॅक्टर आला, तर हात कुठली गोष्ट करतील? जी मुरलीय तीच. ट्राइक घेतलेला माणूस पहिल्या काही दिवसांत रस्ता सोडून खाली उतरतो तो बहुतेक असाच.

शिवाय हँडल जड होतं. बाइकचा रेक (हँडलच्या आसाचा कल) आणि ट्रेल (त्या आसाची रेषा जमिनीला लागते तिथून मागं चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) झुकणाऱ्या गाडीसाठी ठरवलेला असतो, ट्राइकला तोच ठेवला तर घाटात दंड भरून येतात, म्हणून तयार किटमधे पुढचे ट्रिपल क्लॅम्प, म्हणजे पुढचा फोर्क धरणारे क्लॅम्प, वेगळ्या कोनाचे देतात, ट्रेल कमी करायला. फार कमी केला तर हळू चालताना हँडल थरथरतं, मग स्टीअरिंग डॅम्पर लावा. आणि आपले रस्ते! बाइकवाला खड्ड्याच्या कडेनं निघतो, कारवाला खड्डा दोन चाकांच्या मधून काढतो, ट्राइकला पुढचं चाक मधोमध आणि मागची दोन कडेला, तीन वेगळ्या रेषा, पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर एक तरी चाक खड्ड्यात जाणारच. रस्त्याला उतार असेल त्या बाजूला गाडी ओढते ते वेगळंच.

ब्रेकचं थोडक्यात. मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक पाहिजे, आणि बाइकचाच मागचा मास्टर सिलिंडर दोन चाकांना तेल पुरवत नाही, पेडल खाली टेकतं. हँडब्रेक लागतो कारण चढावर तुम्ही पाय टेकून ही गाडी धरणार नाही, तेच तर मुळात जमत नाहीये. रिव्हर्स गियर नाही, नुसती गाडीच साधारण १९० किलोची, त्यात ॲक्सल आणि दोन चाकं, दारातून मागं ढकलणार कोण? काकू तर ढकलणार नाहीत.

कायद्याचं मात्र सविस्तर सांगतो, कारण इथं लोक फसतात. मोटर वाहन कायदा १९८८ मधे मोटरसायकलची व्याख्याच दोन चाकी वाहन अशी आहे, त्यात सुटी होणारी साइडकार आणि तिचं जास्तीचं चाक धरलंय. म्हणजे साइडकार लावली तरी ती मोटरसायकलच, पण मागं कायमची दोन चाकं लावली की तुमची थंडरबर्ड कायद्यानं मोटरसायकल उरत नाही. कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीत लिहिलेल्या गोष्टींशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानंही तेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२ अ बघा, बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घ्या, तुमच्या गाडीत मोजायला बसले तर बरेच निघतील. आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्यांना क्लेम अडवायला आयतं कारण मिळालं. लोक म्हणतात सौराष्ट्रात बुलेटचे छकडे चालायचे, दिल्लीत चांदनी चौकात हार्लेच्या फटफट्या चालायच्या, चालायच्या की, पण त्या जमान्याचा दाखला आज आरटीओत दाखवून काही होत नाही.

याच कायद्यात एक सरळ दारही आहे. दिव्यांग माणसाच्या वापरासाठी गाडीत बदल करून ती ‘ॲडॅप्टेड व्हेइकल’ म्हणून आरसीवर नोंदवता येते, लायसन्समधेही त्याचा वेगळा वर्ग आहे. पण नुसती वाटी बदललीय एवढ्यावर ते सर्टिफिकेट मिळेलच असं नाही, तेव्हा पहिल्यांदा सरकारी दवाखान्यात तेवढं बघून घ्या, मग आरटीओ, मग गॅरेज. आपल्याकडं नेमका उलटा क्रम असतो, गाडी आधी कापतात आणि साहेबाला मग विचारतात. सर्टिफिकेट मिळालं तर थंडरबर्ड कापत बसू नका, गियरलेस स्कूटरला मान्यताप्राप्त साइड व्हील किट लावा, डाव्या पायाला गियर नाही, थांबल्यावर पेलायचं नाही. स्कूटरवर आंबोलीला जायला काय लाज आहे?

आणि नाहीच मिळालं सर्टिफिकेट, तर माझं मत सांगतो, थंडरबर्डची सीट थोडी खाली करून घ्या, थांबताना उजवा पाय टेकायची सवय लावा, म्हणजे शेवटचा ब्रेक पुढचा, हातानं. डाव्या पायानं आधीच न्यूट्रल करून ठेवायचा. महिनाभर सकाळी मोकळ्या मैदानात एवढंच करा. चावी मात्र काकूंकडून तुम्हालाच मागावी लागेल, त्यात मी पडत नाही.

पुतण्याला फारच खुमखुमी असेल तर शेतात चालवायला करू दे, पण त्याला दोन गोष्टी सांगा. मूळ फ्रेमला वेल्ड मारायचा नाही, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा हलता दांडा) आणि शॉकॲबच्या मूळ बोल्टांवर सबफ्रेम अडकवायची, उद्या परत बाइक करता आली पाहिजे. आणि टाचणी वेल्डनंतर स्टीअरिंग हेडपासून दोन्ही मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोरीनं माप घ्यायचं, ओळंबा सोडून, दोन्ही मापं मिलिमीटरला मिलिमीटर जुळल्याशिवाय पक्का वेल्ड नाही. वेल्ड गार होताना लोखंड ओढतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : मला लहानपणी पोलिओ झालेला, स्कूटरला साइड व्हील किट आहे, आरसीवर नोंद पण आहे. कोरड्या रस्त्यावर काही नाही पण पावसात गल्लीतल्या गटारीवरून जाताना मधलं चाक जागच्या जागी फिरतं, गाडी पुढंच जात नाही. इंजिनचा प्रॉब्लेम काय ओ?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : इंजिन बरोबर आहे. किटच्या गाडीत ताकद फक्त मधल्या चाकाला, बाजूची दोन नुसती आधाराला. खोलगट जागी बाजूची चाकं दोन काठांवर टेकतात आणि मधलं अधांतरी राहतं किंवा त्याच्यावर वजनच पडत नाही, मग ओल्यात ते फिरणारच. सपाट जागी तुम्ही बसलेलं असताना बघा, वजन मधल्या चाकावर जास्त पाहिजे, बाजूची टेकलेली पण दबलेली नकोत. किट लावलेल्याकडं जाऊन स्प्रिंगचा ताण कमी करून घ्या, स्वतः पाना घेऊन एकच बाजू सैल करू नका, गाडी तिरकी होईल. मधल्या टायरची नक्षी गुळगुळीत झाली असेल तर आधी तो बदला, किटच्या गाडीचा टायर मधोमधच झिजतो कारण तो कधी झुकतच नाही. आणि गटारीवरून सरळ जाऊ नका, थोडं तिरकं घ्या, म्हणजे दोन्ही बाजूची चाकं एकदम काठावर येत नाहीत.

प्रश्न : गाडी एमएच ०९, माझ्या नावावर, आधी कोल्हापूरला होतो, आता दीड वर्ष झालं निपाणीत सासुरवाडीजवळ घर केलंय. जुन्या काळातल्या चेतकला असायची तशी साइडकार लावायची आहे, दोन पोरं आहेत. नोंद कोल्हापुरात करायची की चिकोडीला?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : तुम्ही राहता तिथल्या आरटीओकडं, म्हणजे चिकोडी. पण त्याआधी मोठं काम पडलंय. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, तुमचं दीड वर्ष झालं. तर कोल्हापूरची एनओसी, मग इकडचा टॅक्स भरून केए २३, आणि मग साइडकारची परवानगी, ती लावायच्या आधी घ्या. एमएच पाटीवर साइडकार लावून कोगनोळी नाक्यावरून रोज ये-जा करायचा विचार असेल तर सोडा.

साइडकार डावीकडंच येणार. ती रिकामी असताना डाव्या वळणाला जपा, तिचं चाक उचलतं. पोरं नसतील त्या दिवशी तिच्यात वाळूची एक पिशवी टाकून फिरा.