हिवाळ्यात पोर्शे चालवायची की झाकून ठेवायची?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: आम्ही दोघं जर्मनीत श्टुटगार्टजवळ बीटिगहाइमला राहतो. यंदा वसंतात २०१७ ची पोर्शे ७१८ बॉक्स्टर सेकंडहँड घेतली, ४१,००० युरो, सगळे रोख. दुसरी गाडी नाही. फुल इन्शुरन्स वर्षाला १,३२० युरो, रोड टॅक्स १८६. हिवाळी टायर रिमसकट २,२०० सांगितलेत. बायको म्हणते, नोव्हेंबर ते मार्च गाडी ठेवून देऊ; जवळच्या एका बंद हॉलमध्ये महिना ७५ युरोत जागा मिळतेय. मला वाटतं, एवढे पैसे घातलेत तर बारा महिने चालवावी. नाहीतर हिवाळ्यापुरती चार-पाच हजारांची एखादी जुनी गाडी घ्यावी. माझं ऑफिस फॉयरबाखला आहे, बायको घरून काम करते. तीन-चार वर्षांत पुण्याला परतायचं आहे. काय करावं?

उत्तर:

वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, पण एका अटीवर: दुसरी गाडी घ्यायची नाही. ती घेणार असाल तर बॉक्स्टरच बारा महिने चालवा, ते स्वस्त पडेल.

‘एवढे पैसे घातलेत तर’ हा मुद्दा आधी बाजूला ठेवू. ४१,००० युरो गेले. गाडी डिसेंबरात रस्त्यावर असली काय आणि हॉलमध्ये असली काय, त्यातला एकही युरो परत येणार नाही. आपल्याला फक्त येणाऱ्या पाच महिन्यांचा खर्च बघायचाय.

बारा महिने चालवली तर त्या पाच महिन्यांचा विमा साधारण ५५० आणि टॅक्स ७८. टायर चार हिवाळे टिकतील असं धरलं तर वर्षाला ५५०, शिवाय दोनदा बदलून घेण्याचे मिळून १२०. महिना हजार किलोमीटर, शंभराला नऊ लिटर आणि लिटरला १.७० युरो धरले तर पेट्रोल ७६५. उन्हाळी टायर तेवढे कमी झिजतील, त्याचे दीडशे वजा केले तरी बेरीज १,९०० च्या वर जाते. टायरवर काटकसर करायला मात्र जागा नाही. बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठून निसरडं झालेलं असेल तर जर्मनीत हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात, नुसते ‘एम प्लस एस’ (चिखल-बर्फ) छापलेले नाहीत. पकडलं गेलात तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या खात्यात, म्हणजे चालकांच्या गुन्ह्यांच्या केंद्रीय नोंदीत, एक पॉइंट. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईत कपात करू शकते, ते दंडापेक्षा कितीतरी महाग पडेल.

ठेवून दिली तर हॉलचे ३७५. ऑफिसला एस-५ ही लोकल थेट जाते, ट्रेन बदलायचीही गरज नाही. डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल ट्रेन-बसचा मासिक पास, २०२६ पासून महिना ६३ युरो आहे, म्हणजे पाच महिन्यांचे ३१५. शनिवार-रविवारी कधी बाहेर जायला, मोठी खरेदी आणायला भाड्याची गाडी लागेल. त्यासाठी महिना १२० धरू, ६०० होतात. एकूण १,२९०. बॅटरी चार्जर आणि नवी नंबरप्लेट हा किरकोळ खर्च एकदाच.

फरक वर्षाला सहाशेच्या आसपास. परत जाईपर्यंत दोन-अडीच हजार युरो. मी हे फुगवून सांगणार नाही. एवढ्यासाठी रोज जीव तुटत असेल तर चालवा, तुमची मिळकत ते पेलते.

पण तुम्ही परतणार आहात, आणि तिथे माझं मत ठाम होतं. ही गाडी पुण्याला नेता येणार नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टीअरिंग उजवीकडे लागतं. वर भरमसाट शुल्क. म्हणजे ती जर्मनीतच विकायची, आणि इथला गिऱ्हाईक चोखंदळ आहे. स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत विकणारे आवर्जून ‘काइन विंटरबेट्रीब’ लिहितात, म्हणजे हिवाळ्यात चालवलेली नाही. त्या एका ओळीला बाजारात किंमत आहे.

ती का आहे, हे कधीतरी गाडी लिफ्टवर चढवून बघा. पोर्शेची बॉडी गॅल्व्हनाइज्ड असते, पत्र्याला लगेच गंज चढत नाही. मार बसतो तो खाली. बॉक्स्टरचं इंजिन सीटांच्या मागे, मधोमध, आणि रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन्ही बाजूंच्या झडपांमागे. शरद ऋतूत तिथे पानं अडकतात, ती कुजून काळा लगदा होतो, त्यात रस्त्यावरचं मिठाचं पाणी मुरतं आणि एसीच्या कंडेन्सरची नाजूक पाती सडतात. खालचे बोल्ट, ब्रेकचे पाइप यांचंही तेच. विकायच्या वेळी जाणकार गिऱ्हाईक टॉर्च मारून आधी त्या झडपांतच बघतो. नुसती बाहेरून धुतलेली गाडी तिथे उघडी पडते.

आता ठेवायची तर नीट ठेवायला हवी. गाडी नोंदणी कार्यालयातून सीझनची नंबरप्लेट घ्या, म्हणजे वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरतीच नोंदणी. प्लेटच्या उजव्या कडेला वर सुरुवातीचा महिना, खाली शेवटचा. ०४ ते १० घ्या. दोन ते अकरा महिन्यांचा कुठलाही सलग काळ निवडता येतो, पण सहा महिन्यांपेक्षा कमी घेऊ नका. नाहीतर अपघात न केल्याची विम्यातली बढती, तो एसएफ वर्ग, त्या वर्षी पुढे सरकत नाही. सीझनबाहेर गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही आणि उभीही करता येत नाही. सोसायटीसमोरच्या रस्त्यावर ताडपत्री टाकून ठेवू, हे डोक्यातून काढून टाका.

बंद काळात सहसा रूहेफरझिशेरुंग, म्हणजे उभ्या गाडीचा विमा, लागू असते, वेगळा हप्ता न घेता. त्यात चोरी, आग, वादळ धरलेलं असतं. पण गाडी गॅरेजमध्ये किंवा कुंपणाच्या आत असली पाहिजे. तुमचा फुल इन्शुरन्स मात्र या काळात झोपलेला असतो. हॉलमध्ये शेजारच्याने गाडी काढताना तुमच्या दाराला घासलं तर ते यात येत नाही. म्हणून हॉलच्या मालकाचा करार वाचा, त्याची जबाबदारी कुठवर आहे ते लेखी घ्या.

ठेवण्याआधी तेल बदला, कारण वापरलेल्या तेलातली आम्लं महिनोन् महिने इंजिनात राहू देऊ नयेत. खालून धुवा, पूर्ण सुकू द्या, टाकी भरा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये उभी करा, चार्जर लावा. छत कोरडं आणि बंद. आणि कृपा करून दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करायला जाऊ नका. तेवढ्यात ते तापत नाही, उलट एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं.

हिवाळ्यापुरत्या जुन्या गाडीबद्दल. साडेचार हजारांची गाडी म्हणजे साडेचार हजारांवर भागत नाही. तिचा विमा दुसरी गाडी म्हणून खालच्या वर्गातून सुरू होईल, आणि नोव्हेंबर ते मार्च एवढीच नोंदवली तर सहा महिने भरत नाहीत, म्हणून तो वर्ग तिथेच अडकून राहील. टॅक्स, ट्यूफ (गाडीची सक्तीची तांत्रिक तपासणी), दुरुस्ती, पेट्रोल, उन्हाळ्यात तिलाही जागा. माझ्या अंदाजाने वर्षाला दोन हजारांच्या पुढेच जाल, शिवाय बॉक्स्टरच्या हॉलचे ३७५ वेगळे. थेट ट्रेन दाराशी असताना हा खर्च मला पटत नाही. ऑफिस ट्रेन नसलेल्या एखाद्या गावात असतं तर मी बारा महिने चालवा म्हटलं असतं.

वाचलेले सहाशे शेअर बाजारात घालू नका, तीन-चार वर्षांचा काळ त्याला अपुरा आहे. इथल्याच बचत ठेवीत ठेवा. भारतातल्या एनआरई एफडीचं, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या मुदत ठेवीचं, व्याज तिथे करमुक्त असतं, पण तुम्ही जर्मनीचे करनिवासी आहात, इथे ते दाखवावं लागतं. हे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही.

विक्री शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये धरा, उघड्या छताच्या गाडीला तेव्हा मागणी असते. परतीचं तिकीट शरदात असेल तरी गाडी त्याआधीच्या वसंतात विका आणि शेवटचा उन्हाळा गाडीविना काढायची तयारी ठेवा. आत्ता मात्र आधी विमा कंपनीला फोन करून ०४ ते १० चा लेखी दर मागवा, कारण सगळ्याच कंपन्या हप्ता महिन्यांच्या हिशेबाने तंतोतंत कापत नाहीत. दर पटला नाही आणि करार कॅलेंडर वर्षाचा असेल, तर कंपनी बदलायला ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत आहे.